सतरा एकांचा भागाकार

१ फेब्रुवारी १९९९, सोमवार. पावस.

चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. स्वतःची एकही ठेवली नाही. आज बाजारातून दोन आणल्या. जाड पुठ्ठ्याची मोठी आहे ती भागाकारांसाठी. ही लहान, जे भागाकारात बसणार नाही त्यासाठी. काय बसणार नाही ते अजून मला माहीत नाही. पण काम करणाऱ्याने रोजची टिपणं ठेवावीत असं वर्गात बोंबलून सांगत आलो, तेव्हा आता निमूटपणे ठेवणं आलं.

काम असं आहे. एकापुढे एक सतरा वेळा एक लिहायचा. ११,११,११,११,११,११,११,१११. ही मूळ संख्या आहे की हिला कोणाचा तरी निःशेष भाग जातो?

प्रश्न माझा नाही. ओमकारचा आहे. गेल्या जुलैत कोल्हापूरहून त्याचं आंतरदेशीय आलं. वरची बाजू नेहमीची, मेसचं जेवण, ओले कपडे. खाली लिहिलेलं, ‘बाबा, एकोणीस एक लिहिले तर मूळ संख्या होते असं वाचलं. सतरा एकांचं काय? आता रिटायर झालात, बसा.’ मी उत्तर पाठवलं नाही. म्हटलं, गणपतीला येतोच आहे, ओटीवर बसून दोघं बघू. गणपतीला यायला मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाला आणि आंबा घाटात गेला. तेवीस ऑगस्ट. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं.

पत्राला उत्तर न देणं हा मला माणसाचा मोठा दुर्गुण वाटतो. ते द्यायचं आहे. बाकी काही नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार.

कॉलेजात शिकलेला फर्माचा नियम डोकं खाजवून आठवला आणि काम एकदम हलकं झालं. या संख्येला जिचा भाग जाईल अशी कुठलीही मूळ संख्या चौतिसाच्या पटीत एक मिळवूनच येणार. म्हणजे चौतिसातले तेहेतीस उमेदवार दारातूनच परत. उरलेल्यांतून तीन, पाच, सात असे एकतीसपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जाणारे गाळायचे आणि राहतील त्यांनी एकेक करून भागायचं.

पहिला १०३. बाकी ५७. वहीत लिहून खाली रेघ मारली.

शेजारचे आप्पा कोयता मागायला आले ते खांद्यावरून वाकून बघत राहिले. “मास्तर, येवड्या एकांचा काय लोणचा घालायचा हाय?” मी म्हटलं, आप्पा, कोयता पडवीत आहे.

ही चहा ठेवून गेली. सहा महिन्यांत ही एकदाही मोठ्याने रडलेली मी पाहिली नाही. दहावं, तेरावं, सगळं हिने हिशेबशीर पार पाडलं. लोक म्हणाले, गंगावहिनी खंबीर. मला कधी कधी तिचा राग येतो.

२१ मार्च, रविवार.

आज मोजलं. मोजायला नको होतं.

एखादी संख्या मूळ आहे हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंत जावं लागतं. आपलं वर्गमूळ साडेदहा कोटींच्या घरात. गाळूनगाळून दहा लाख भागाकार राहतात. मी दिवसाला तीस करतो. एका भागाकाराला चार मिनिटं, डोळे बरे असतील तर. तीस तीसने दहा लाख व्हायला नव्वद वर्षं लागतील.

मधेच कोणाचा भाग गेला तर सुटलो. नाही गेला तर वयाच्या एकशे एकोणपन्नासाव्या वर्षी ओमकारला कळवू शकेन की होय बाळा, मूळच आहे.

हिला सांगितलं. म्हणाली, “बरं आहे. तोवर घरात तरी असाल.”

६ एप्रिल, मंगळवार.

सकाळपासून एक भागाकार जमेना. ताळा लागत नव्हता. नवाचा ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज घ्यायची, नऊ नऊ टाकून द्यायचे, आणि भाजक, भागाकार, बाकी यांचा मेळ मूळ संख्येशी बसतो का ते बघायचं. पाचवीतल्या पोरालाही येतो. मी तीनदा केला, तिन्ही वेळा चुकीचा. वही आपटली.

ही केर काढत होती. केरसुणी हातात तशीच धरून वाकली आणि म्हणाली, “इथे हातचा विसरलात ओ.”

विसरलो होतो.

ही फायनल पास आहे. पूर्वी सातवीच्या त्या परीक्षेवर मास्तर होता यायचं. हिच्या वडिलांनी होऊ दिलं नाही, माझ्या गळ्यात बांधली. मी विचारलं, करतेस का दोन-चार? म्हणाली, आमटी उतरवून येते. दुपारी सहा केले. सहाही बरोबर. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. आकडे एकाखाली एक असे उतरवते की रेघ मारायची गरज नाही.

१४ सप्टेंबर, मंगळवार.

गेल्या वर्षी सुतक होतं, गणपती आणला नव्हता. काल आणला. हिने एकवीस मोदक केले आणि आरतीला टाळ वाजवले. मी टाळ वाजवू शकलो नाही. जेवण झाल्यावर मला वाटलं आज तरी सुट्टी असेल. तर ही पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “आज कितीपासून?”

मी भाजकांची यादी करतो, अर्धी माझी, अर्धी हिची. संध्याकाळी मी हिच्या पानांना ताळा लावतो, ही माझ्या. रोजचे पन्नास होतात. नव्वदाची पंचावन्न वर्षं झाली आहेत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण एवढा वेळ आम्ही एका चटईवर कधी बसलो नव्हतो. ओमकारबद्दल बोलत नाही. कधी आठ लाख त्रेचाळीस हजारांबद्दल बोलतो, कधी त्याच्या पुढच्याबद्दल.

१७ जानेवारी २०००, सोमवार.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगता येणार नाही. भागाकार शेवटच्या पायरीला आला आणि वरचा आकडा खालच्याच्या जवळ जवळ दिसायला लागला की माझ्या छातीत धडधडतं. हे आनंदाने होत असेल असं मला वाटायचं. आज नीट तपासून पाहिलं. बाकी चार आली. चार. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

म्हणजे मला उत्तर हवंय की नको? वर्गात एखादा असा बोलला असता तर बाकावर उभा केला असता.

२२ जून, गुरुवार.

डोळे दाखवायला रत्नागिरीला गेलो होतो. मोतीबिंदू आहे, पिकू दे म्हणतात. परत यायला चार वाजले.

घरात करपल्याचा वास. भात खाली लागला होता, आणि हिचा भात लागलेला मी जन्मात खाल्लेला नाही. ही ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाली, मसाला कांडत होते, डोळ्यात गेला. चहा दिला, पण साखर घालायची राहिली.

वही बघितली. रोज पंचवीस करते, आज नऊच. मी म्हटलं, काय आज संप? थोड्या वेळाने मला म्हणाली, “अहो, समजा उत्तर आलं. तर तुम्ही काय करणार?”

मी म्हटलं, “काय करणार म्हणजे? त्याला कळवणार.”

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. असं काही बोलायचं नव्हतं. ही माझ्याकडे बघत राहिली, मग उठली, वही घेऊन आत गेली. म्हणाली, एक अर्धा राहिलाय तो पुरा करते.

दिवेलागणीला ताळा लावला. नऊच्या नऊ बरोबर. एका ठिकाणी खाडाखोड होती, ती कधी करत नाही. पण ताळा लागला होता, सोडून दिलं.

२ जुलै, रविवार.

हिला झालंय काय ते कळत नाही. सकाळी दूध तापवताना रडत होती. दुपारी भांडी घासताना. मागे कधी न रडलेली बाई, आता दोन वर्षांनी काय झालं? तब्येत दाखवू म्हटलं तर म्हणाली, तब्येतीला काय धाड भरलीय.

भागाकार मात्र सोडत नाही. उलट मला आळस आला तर वही आणून पुढ्यात ठेवते. काल आप्पांना सांगत होती, “ह्यांचं अजून खूप आहे ओ, पन्नास वर्षं सहज जातील.” आप्पा म्हणाले, “वयनी, तुमी पन तशाच?” तर ही हसली. हसताना पाहून मला बरं वाटलं.

२० ऑगस्ट, रविवार.

भांडण झालं.

माडीवर ओमकारची ट्रंक आहे. शर्ट, पँटी, लोकरीचा एक स्वेटर. मी कधी उघडत नाही आणि कोणी हात लावलेला मला चालत नाही. आज दुपारी उठून बघतो तर अंगणात दोरीवर सगळे धुऊन वाळत घातलेले. मला वाटलं, वास आला म्हणून धुतले असतील. तर ही म्हणाली, पूर्णगडच्या सखूच्या मुलाला देते, त्याच अंगाचा आहे, नोकरीच्या मुलाखतींना जायला त्याला बरे कपडे नाहीत.

मी म्हटलं, आणि तो आल्यावर काय घालेल?

वाऱ्याने शर्टांच्या बाह्या हलत होत्या. हिने एकेक शर्ट उतरवला, घड्या घातल्या, परत ट्रंकेत ठेवला. मला म्हणाली, “बरं. राहू दे. तुम्हाला हवे तोवर राहू दे.”

मी तेव्हा रागात होतो. मला आपलं म्हणायचं होतं ते एवढंच की वस्तू विचारल्याशिवाय काढू नये. शब्द भलतेच आले. माझे शब्द हल्ली असे निसटतात.

१० डिसेंबर, रविवार.

एकोणतीस लाख पार. चौदावी वही संपत आली.

माझी आता जवळजवळ खात्री होत चालली आहे की संख्या मूळ आहे. गणितात खात्री वगैरे काही नसतं, मी जन्मभर हेच शिकवलं. पण इतक्या जणांना विचारून झालं आणि एकाचाही भाग जात नाही. हिला तसं म्हटलं. ही म्हणाली, “असेल. आपण घालत राहायचं.” वर बघितलंसुद्धा नाही.

पूर्वी अशा कामात मीच पुढे आणि ही मागे असायची. आता मला कधी कधी वाटतं, ही मला बोटाला धरून चालवते आहे. कुठे, ते माहीत नाही.

८ मार्च २००१, गुरुवार.

उत्तर आलं.

ओमकारच्या बाकावर बसायचा तो उमेर होडेकर. वडील जहाजावर. पोराने रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. दोनदा निरोप आला की सर, एकदा पाय लावा. आज गेलो. सात-आठ मशीनं, पंखा, भिंतीवर ‘कृपया चपला बाहेर’. स्वतः खुर्ची पुसून दिली, बसलो तरी हा उभाच. थोडा वेळ ओमकारच्या आठवणी निघणार असं दोघांनाही वाटत होतं, निघाल्या नाहीत. मग मीच फुशारकीने संख्येचं सांगितलं. दोन वर्षं, सोळा वह्या, चौतीस लाखांपुढे आलोय.

उमेर म्हणाला, “सर, नेटवर एक पान आहे. संख्या टाकली की अवयव सांगतं. बघू का?”

बघ म्हटलं. मला वाटलं, त्यालाही दोन-चार दिवस लागतील. चष्मा पुसायला काढला. पुसून घालतो तोवर पडद्यावर दोन आकडे होते.

२०७१७२३. आणि ५३६३२२२३५७.

उमेर माझ्या तोंडाकडे बघत होता. “सर, मशीनही चुकतं कधी कधी.” बिचारा. मी म्हटलं, कागद दे. त्याच्या जाहिरातीच्या कागदामागे गुणाकार केला. सतरा एक आले, ओळीने. एकही इकडेतिकडे नाही.

मूळ नाही. संयुक्त आहे. वीस लाख एकाहत्तर हजारांचा भाग जातो, म्हणजे आम्ही तो केव्हाच मागे टाकलेला आहे. कोणीतरी चुकलं. बहुधा मीच, डोळे हे असे.

परत यायला उशीर झाला. हिला अजून सांगितलेलं नाही. बस चुकली एवढंच सांगितलं.

९ मार्च, शुक्रवार.

सगळं लिहितो. जमेल तसं.

सकाळी ही आंघोळीला गेल्यावर दहावी वही काढली. २०७१७२३ सापडायला वेळ लागला नाही. बावीस जूनचं पान. अक्षर माझं नव्हतं, हिचं होतं. बाकी लिहिली होती नव्वद.

पहिल्यांदा मला राग आला, खोटं कशाला लिहू. साडेआठ महिने फुकट गेले. हातचा विसरली, आणि माझ्यासारख्या माणसाने ते तपासून खाली बरोबरची खूण केली. आता बाहेर आली की सुनवायचं असं ठरवून मी चूक शोधायला बसलो. मास्तर माणूस, चूक नेमकी कुठे ते दाखवल्याशिवाय रागावता येत नाही.

चूक सापडेना. पहिल्या पायरीपासून सगळं बरोबर. शेवटच्या पायरीला खालचा आकडा १४५०२०६१, आणि वरच्यावर खाडाखोड. उजेडाला धरलं. वरही आधी १४५०२०६१ होता. वजा केलं तर शून्य. तो खोडून १४५०२१५१ केला होता, म्हणजे नव्वद उरतील.

नव्वदच का ते कळायला मला थोडा वेळ लागला. भागाकार तसाच ठेवून बाकीत चूक केली तर ताळा पकडतो. पण चूक नवाच्या पटीत असेल तर ताळा आंधळा. आणि या संख्येत वरून दर वेळी एकच उतरतो, म्हणून वरच्या आकड्याच्या शेवटी एकच हवा, तेव्हा बाकीच्या शेवटी शून्य हवं. नव्वदात दोन्ही बसतं. विसराळूपणाने माणूस एवढं नीट चुकत नाही.

ही मागच्या पडवीत कुळीथ पाखडत होती. वही उघडून तिच्यापुढे धरली. डोळ्याला चष्मा नव्हता तरी पान ओळखलं.

“कोणी सांगितलं?”

“उमेरच्या मशीनने.”

“मशीनला काय कळतंय,” म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं.

“शून्य आलं होतं?”

“आलं होतं.”

“मग, गंगा? साडेआठ महिने मी भाग घालतोय. तूही घालतेयस.”

ती म्हणाली, “तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात. मी एकटी होते. वर आणि खाली एकच आकडा आला. परत केलं, परत तेच. मला इतका आनंद झाला ओ, काय सांगू. उठले आणि माडीकडे तोंड करून हाक मारली. ओमकार, आलं रे, ये खाली. ओ आली नाही म्हणून जिना चढायला लागले. पोरगा झोपलाय वाटतं, असं मनात.”

कुळीथाच्या दाण्यांवरून ती हात फिरवत होती.

“अर्ध्या जिन्यात मला कळलं. तोवर मला कळलंच नव्हतं. दिवस केले, पिंड घातले, लोकांना चहा दिला, पण कळलं त्या जिन्यात. तिथेच बसले. भात करपला तरी उठवेना. संध्याकाळी तुम्ही आलात. म्हटलं, बघावं विचारून उत्तर आल्यावर काय करणार ते. तुम्ही म्हणालात, त्याला कळवणार. मग मी कसं सांगू तुम्हाला? मला जिन्यात कळलं तसं तुम्हालाही कळलं असतं. तुमच्याने झेपलं नसतं. म्हटलं, भागू देत बिचाऱ्याला. जेवढे दिवस भागतोय तेवढे दिवस भागू दे.”

जे सुचलं ते बोललो. “नव्वद बरोबर निवडलेस.”

“तुम्हीच शिकवलंत. नवाने चुकलं तर ताळ्याला कळत नाही.”

आप्पांची गाय ओरडत होती. हिने विचारलं, “दुसरा आकडा केवढा आहे?”

मी सांगितलं. पाच अब्ज, छत्तीस कोटी, पुढचं.

“मग तो घेऊ या फोडायला. तो तर चांगला मोठा आहे.”

तिच्या तोंडाकडे बघवेना. पण गणितात मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, “त्याला कोणाचा भाग जात असता तर तो आपल्याला आधीच भेटला असता. त्याच्यासाठी त्र्याहत्तर हजारांपर्यंतच बघावं लागतं, आणि तेवढे मी पहिल्या महिन्यातच घातलेत. तो मूळच आहे.”

“म्हणजे काही उरलं नाही.”

“नाही.”

तिने मान हलवली. आणि मग मी तिला सांगितलं, जे कालच्या पानात लिहिलं नव्हतं. बस चुकली नव्हती. उमेरकडून निघालो तेव्हा मला फार म्हणजे फार आनंद झाला होता. चालत एसटी स्टँडपर्यंत आलो, तिथल्या एसटीडी बूथमध्ये शिरलो आणि कोल्हापूरचा होस्टेलचा नंबर लावला. विचार केला नाही, बोटांनीच लावला. कोणा मुलाने उचलला, नवीन असणार. कोण पाहिजे म्हणाला. मी नाव सांगितलं.

“त्याचं?” हिने विचारलं.

“हो. थांबा काका, म्हणाला. रिसीव्हर ठेवला आणि व्हरांड्यातून हाक मारली. ओमकार धनावडे, घरून फोन.”

“किती वेळा?”

“तीनदा. चांगल्या मोठ्या आवाजात.”

“मग?”

“मला तेव्हा कळलं. बूथमध्ये, काचेत उभा होतो. फोन ठेवता आला नाही. तो परत आला, म्हणाला, काका, कोणी ओ देत नाही, बाहेर गेला असेल. काही निरोप आहे का? मी म्हटलं, आहे. लिहून घे. त्याला आकडा सांगितला, आणि म्हटलं, सांग की ह्याचा भाग जातो.”

हिने पदर तोंडाला लावला होता. तशीच म्हणाली, “नीट लिहून घेतला का त्याने?”

मी सांगितलं, त्याने परत वाचून दाखवला, एकेक करून. सातही आकडे बरोबर होते. हिने माझा हात धरला. अडीच वर्षांत मी पहिल्यांदा रडलो, पडवीत, भर दुपारी, आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि ही माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, “कळवलंत ना. कळवलंत तुम्ही. झालं आता.”